बेडकाच्या भ्रूणाची अॅनिमल कॅप कापण्याची वेळ कशी ओळखायची

अॅनिमल कॅप म्हणजे भ्रूणाच्या वरच्या, काळ्या टोकाचा पेशींचा तुकडा. झेनोपसवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या आफ्रिकी बेडकावर, काम शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, फलनानंतर किती तासांनी कापायचं?" मी आधी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवते.

फलनानंतर वीसेक मिनिटांत अंडं आवरणात फिरतं आणि काळी बाजू वर येते. मग अंड्याभोवतीची जेली काढायला 2 टक्के सिस्टीन (एक अमिनो आम्ल) घाला, पीएच 8 च्या आसपास, आणि डिश हलकेच गोल फिरवत राहा. जेली आहे तोवर अंड्यांमध्ये फट दिसते. ती विरघळली की अंडी एकमेकांना खेटून बसतात. खेटली की लगेच, चार-पाच वेळा धुवा. इथे रेंगाळू नका, भ्रूण नासतात.

23 अंशांवर पहिली खाच साधारण 90 मिनिटांनी पडते, पुढची विभाजनं दर अर्ध्या तासाला. सगळ्या पेशी जवळजवळ एकदम दुभंगतात. कारण या चक्रात डीएनएची नक्कल आणि विभाजन एवढंच असतं, मधले थांबे नसतात. सायक्लिन हे प्रथिन साठतं, विभाजन घडवणारं विकर सीडीके जागं होतं, सायक्लिन नष्ट होतं, पुन्हा साठतं. केंद्रक काढलेलं अंडंसुद्धा ठरावीक वेळाने आकसतं आणि सैल पडतं. मला तर हे दरवेळी थक्क करतं.

आता मुख्य गोष्ट. बाराव्या विभाजनानंतर, सुमारे 4000 पेशी झाल्या की, ही लय मोडते. न्यूपोर्ट आणि किर्शनर यांनी 1982 मध्ये दाखवलं, की ही वेळ डीएनए आणि पेशीद्रव्याच्या प्रमाणावर ठरते. चक्राला थोपवणारं चेक1 हे प्रथिन सक्रिय होतं, सीडीकेला जागं करणारं सीडीसी25ए मोडलं जातं, चक्र लांबतं आणि भ्रूणाची स्वतःची जनुकं जोमाने वाचली जाऊ लागतात. तुम्ही काळ्या भागातल्या वीसेक पेशी नजरेत धरा. शेजारच्या दोन पेशी वेगवेगळ्या वेळी दुभंगताना दिसल्या, की चिमटे हातात घ्या.

एकदा मी निव्वळ घड्याळावर भरवसा ठेवला. दिव्याच्या उबेने डिश तापली होती, भ्रूण पुढे निघून गेले होते. कॅपला मध्यस्तर (ज्यातून स्नायू वगैरे होतात तो थर) बनवायला लावणारं अॅक्टिव्हिन हे प्रथिन घातलं, पण एकही कॅप लांबली नाही. मध्यस्तर व्हायची क्षमता तोवर सरली होती. तेव्हापासून दिवा कामापुरताच लावते.

जेलीखालचं पातळ आवरण पांढऱ्या बाजूने सोला, म्हणजे काळ्या बाजूला इजा होत नाही. डिशच्या तळाशी अॅगरोजचा थर हवाच, नाहीतर सोललेला भ्रूण प्लॅस्टिकला चिकटतो. वरचा छोटा चौकोन कापा, आतली बाजू वर ठेवा आणि कडा मिटण्याआधी अॅक्टिव्हिनच्या द्रावणात टाका; कॅपचा गोळा झाला की तिचा बाहेरचा थर अॅक्टिव्हिन आत जाऊ देत नाही.

स्नायू पाहणार असाल, तर पी27झिक1 या प्रथिनाकडेही लक्ष द्या. ते सीडीकेला लगाम घालतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चक्र नुसतं थांबवल्याने स्नायू होत नाही. विभेदनासाठी, म्हणजे पेशीला स्नायूचं रूप येण्यासाठी, या प्रथिनाचं वेगळं कामही लागतं. म्हणून त्याची पातळी घटवून प्रयोग केलात, तर पेशींची संख्या आणि स्नायूंची प्रथिनं दोन्ही तपासा.

त्याच खेपेचे काही अखंड भ्रूण शेजारी ठेवा. त्यांच्या पाठीवर चेतानलिकेच्या (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू होतात) वळ्या उठल्या, की कॅप पाहा: अॅक्टिव्हिनमधल्या लांबट झालेल्या असतात. साध्या द्रावणातल्या गोलच राहतात आणि पुढे त्यांची त्वचा होते, पक्ष्माभिका (हलणारे बारीक केसासारखे धागे) फुटतात आणि गोळा जागच्या जागी सावकाश फिरू लागतो.