विकलेल्या खेळाडूची जागा भरताना या चुका टाळा

लातूर जिल्ह्यातील हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात देवणी बैलांची जोडी घेणे अवघड असतेच. पण जोडीतला एक बैल विकून उरलेल्याला जोड शोधणे त्याहून अवघड असते. उंची जुळली, शिंगे जुळली, तरी चाल जुळेलच असे नाही, आणि नवा बैल जुवाच्या कोणत्या अंगाला चालायला शिकला आहे हे पाहिल्याशिवाय जाणता शेतकरी सौदा करीत नाही. आपल्या गोठ्यात एकच बैल उरला आहे आणि पेरणी तोंडावर आली आहे हे समोरच्याला कळले, की भावही चढतो. युरोपातील मोठे फुटबॉल क्लब आपला सर्वोत्तम खेळाडू विकल्यावर ज्या चुका करतात, त्या याच बाजारातल्या आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर मी संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो. आमच्या संघातून दर दोन-तीन वर्षांनी सर्वांत चांगला मुलगा पुण्याच्या किंवा मुंबईच्या अकादमीत जातो. आमच्या हाती पैसे येत नाहीत, पण संघात पडणारे खिंडार त्याच जातीचे असते. म्हणून मी मोठ्या क्लबांचे असे व्यवहार गेली काही वर्षे बारकाईने पाहत आलो आहे.

गोल मोजणे, कामे न मोजणे

2013-14 च्या हंगामात लिव्हरपूलने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 101 गोल केले आणि दुसरे स्थान मिळवले. त्यांपैकी 31 गोल एकट्या लुईस सुआरेझचे होते आणि त्यांत एकही पेनल्टी नव्हती. 2014 च्या उन्हाळ्यात तो बार्सिलोनाला गेला, आणि ऑगस्टच्या अखेरीस लिव्हरपूलने मारिओ बालोटेली याला सुमारे 1 कोटी 60 लाख पौंडांना घेतले. बालोटेलीला लीगच्या संपूर्ण हंगामात एकच गोल करता आला. संघाचे गोल 101 वरून 52 वर आले आणि क्लब सहाव्या स्थानी घसरला.

हा दोष बालोटेलीच्या माथी मारणे सोपे आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. सुआरेझ गोल करीत होता, त्याचबरोबर समोरच्या बचावपटूंच्या अंगावर धावून जाऊन त्यांना चेंडू शांतपणे खेळू देत नव्हता, बाजूला सरकून आघाडीतला जोडीदार डॅनियल स्टरिज याच्यासाठी मधली जागा मोकळी करीत होता आणि हरवलेला चेंडू परत मिळवण्यासाठी झटत होता. बालोटेली एका जागी थांबून चेंडूची वाट पाहणारा खेळाडू होता. त्यातच स्टरिज दुखापतीमुळे बहुतेक हंगाम बाहेर राहिला, त्यामुळे आघाडीच्या जोडीतले दोघेही एकदमच नाहीसे झाले. क्लबने गोल करणाऱ्याच्या जागी गोल करणारा आणला. बाकीची कामे कोणाच्या वाट्याला जाणार, याचे उत्तर मात्र कोणाकडे नव्हते.

म्हणून खेळाडू विकण्यापूर्वी तो सामन्यात नेमके काय काय करतो, याची यादी कागदावर करावी. चेंडू कोठे घेतो, कोणाला देतो, चेंडू नसताना कोठे धावतो, कॉर्नरला कोणाला अडवतो, हे सगळे त्या यादीत यावे. यादी लांबलचक निघाली, तर ती सगळी कामे करणारा एकच माणूस बाजारात मिळणार नाही, हेही तिथेच उमगते.

मिळालेली रक्कम एकाच उन्हाळ्यात वाटून टाकणे

2013 मध्ये टॉटनहॅमने गॅरेथ बेल याला रिआल माद्रिदला सुमारे साडेआठ कोटी पौंडांना विकले. त्या काळातला तो विक्रम होता. त्या उन्हाळ्यात क्लबने पॉलिन्यो, शादली, सोल्दादो, कापू, किरिकेश, एरिक्सन आणि लामेला असे सात खेळाडू आणले. कागदावर हा सौदा शहाणपणाचा दिसत होता, कारण एका खेळाडूवरचे अवलंबित्व कमी होऊन सात जागा बळकट होणार होत्या. प्रत्यक्षात सातही जण नवे, बहुतेकांना इंग्लंडची लीग नवी, एकमेकांच्या सवयी कोणालाच ठाऊक नाहीत, अशा स्थितीत संघ बांधायला वेळच मिळाला नाही. मँचेस्टर सिटीकडून 6-0 आणि घरच्या मैदानावर लिव्हरपूलकडून 5-0 असे पराभव झाल्यावर डिसेंबरमध्ये प्रशिक्षक आंद्रे व्हिलास-बोआस यांना जावे लागले. संघाचे लीगमधील गोल आदल्या हंगामातील 66 वरून 55 वर आले. त्या सातांपैकी पुढे खऱ्या अर्थाने मोठा ठरला तो ख्रिश्चन एरिक्सन, जो त्यांतला सर्वांत महागडा खेळाडू नव्हता.

तरीही, एकदम पुष्कळ खेळाडू घेणे ही स्वतःच चूक आहे, असे मी म्हणणार नाही. 2014 मध्ये साउदॅम्प्टनने लल्लाना, लँबर्ट, लोव्हरेन, शॉ आणि चेंबर्स असे पाच महत्त्वाचे खेळाडू एकाच उन्हाळ्यात विकले, प्रशिक्षकही बदलले आणि तरी तो संघ आठव्यावरून सातव्या स्थानी गेला. नवे प्रशिक्षक रोनाल्ड कूमन यांना हवी ती कामे करणारीच माणसे आणली गेली होती. आघाडीचा ग्राझियानो पेले तर फेयेनूर्ड या डच क्लबमध्ये त्यांच्याच हाताखाली खेळलेला होता. आधी पद्धत ठरली आणि मग तिला साजेसे खेळाडू शोधले गेले.

विक्री झाल्यावर शोध सुरू करणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. ऑगस्ट 2017 मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने नेमारसाठी 22 कोटी 20 लाख युरो मोजले आणि बार्सिलोनाच्या तिजोरीत किती पैसे आले आहेत हे साऱ्या जगाला कळले. काही दिवसांतच बार्सिलोनाला उस्मान डेंबेलेसाठी डॉर्टमुंड या जर्मन क्लबला साडेदहा कोटी युरो आणि वर आणखी रक्कम कबूल करावी लागली. पेरणी तोंडावर असताना बैल शोधणाऱ्या शेतकऱ्याची जी गत होते, तीच येथे झाली. डेंबेले पहिल्याच महिन्यात मांडीच्या दुखापतीने बाहेर गेला, हा दैवाचा भाग. पण चढलेला भाव दैवाचा नव्हता.

उलट ब्रायटन या इंग्लिश क्लबकडे पाहावे. त्यांचा मधल्या फळीतला इव्ह बिसुमा 2022 मध्ये टॉटनहॅमला गेला, तेव्हा त्याची जागा घेणारा मोइसेस कायसेडो क्लबच्या घरातच होता. त्याला 2021 च्या आरंभी इक्वाडोरमधून आणून, मध्ये बेल्जियममध्ये खेळायला पाठवून, हळूहळू तयार केले गेले होते. पुढच्याच वर्षी चेल्सीने कायसेडोसाठी 10 कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजली. अॅटलेटिको माद्रिदनेही हे फार पूर्वीपासून साधले होते. 2007 मध्ये तोरेस गेला तेव्हा फोर्लान आला, 2011 मध्ये अग्वेरो गेला तेव्हा फाल्काओ आला, आणि 2013 मध्ये फाल्काओ गेला तेव्हा दिएगो कोस्टा आधीपासून संघात होता. 2013-14 च्या हंगामात कोस्टाने लीगमध्ये 27 गोल केले आणि अॅटलेटिकोने स्पेनचे विजेतेपद मिळवले.

उत्तराधिकारी आधी घरात आणणे लहान क्लबलाही परवडते, कारण त्याला पैशांपेक्षा धीर अधिक लागतो. आजचा खेळाडू उत्तम खेळत असताना त्याच्या जागेचा उद्याचा खेळाडू बाकावर बसवून ठेवायचा आणि त्याला अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटे द्यायची, एवढेच करायचे असते. मात्र प्रेक्षकांना आणि पदाधिकाऱ्यांना ते त्या वेळी अनावश्यक वाटते.

गेलेल्याची जर्सी नव्याच्या अंगावर चढवणे

हेच अॅटलेटिको 2019 मध्ये चुकले. आघाडीचा ग्रिझमन 12 कोटी युरोंना बार्सिलोनाला गेल्यावर त्यांनी 19 वर्षांच्या जोआव फेलिक्ससाठी त्याहूनही अधिक रक्कम मोजली आणि ग्रिझमनचाच 7 क्रमांक त्याला दिला. पहिल्या सामन्यापासून त्याची तुलना गेलेल्याशी होत राहिली आणि तो तेथे कधी पुरता रुजलाच नाही.

आणखी एक वाट रिआल माद्रिदने दाखवली, जरी आरंभी ते तिच्यावर ठेचाळलेच. 438 सामन्यांत 450 गोल करणारा रोनाल्डो 2018 मध्ये युव्हेंटसला गेला. त्या हंगामात माद्रिदने दोन प्रशिक्षक काढले आणि लीगमध्ये तिसरे स्थान मिळवले. पण करीम बेंझेमाचे लीगमधील गोल आदल्या हंगामातील 5 वरून 21 वर गेले. इतकी वर्षे रोनाल्डोसाठी जागा मोकळी करून देणारा हा खेळाडू स्वतः त्या जागेत शिरला आणि 2022 मध्ये बॅलन डी'ऑरचा, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराचा, मानकरी ठरला. बाहेर शोध घेण्याआधी, गेलेल्याच्या सावलीत घरातला कोण उभा होता, हे एकदा नीट पाहावे.

न दिसणारे काम विसरणे

लेस्टरने 2016 मध्ये प्रीमियर लीगच्या विजेतेपदानंतर मधल्या फळीतल्या एन्गोलो कांटे याला चेल्सीला विकले. गोल करणारे वार्डी आणि माहरेझ राहिले, म्हणून आक्रमण शाबूत आहे असे अनेकांना वाटले. लेस्टर बाराव्या स्थानी गेले, प्रशिक्षक रानिएरी यांना फेब्रुवारीत जावे लागले आणि कांटेच्या चेल्सीने विजेतेपद मिळवले. चेंडू हिसकावून पुढे देणाऱ्याचे नाव गोलफलकावर येत नाही, म्हणून त्याची उणीव सर्वांत उशिरा ध्यानात येते.

कधी कधी मात्र गेलेल्याची जागा भरायचीच नसते. जानेवारी 2018 मध्ये मधल्या फळीतला कल्पक खेळाडू कुटिन्यो बार्सिलोनाला विकून सुमारे 14 कोटी पौंड आले, तेव्हा लिव्हरपूलने तसा दुसरा कलाकार शोधला नाही. त्याच सुमारास बचावासाठी व्हॅन डाइक आणि उन्हाळ्यात गोलरक्षक अॅलिसन आला, म्हणजे जिथे संघ गळत होता तिथे पैसे गेले. 2019 मध्ये युरोपातील क्लबांची चॅम्पियन्स लीग आणि 2020 मध्ये तीस वर्षांनी लीगचे विजेतेपद आले.

चूक होऊन गेली असेल तर

2014 मध्ये आघाडीचा लेवांडोव्स्की डॉर्टमुंड सोडून बायर्नला गेला आणि डॉर्टमुंडला एक छदामही मिळाला नाही. त्याच्या जागी आलेले इम्मोबिले आणि रामोस रुळले नाहीत आणि फेब्रुवारी 2015 मध्ये तो संघ बुंडेसलीगा या जर्मन लीगच्या तळाशी होता. क्लबने प्रशिक्षक क्लोप यांना काढले नाही. कडेने खेळणाऱ्या ओबामेयांगला आघाडीच्या मध्यभागी आणले गेले आणि संघ अखेर सातव्या स्थानी पोहोचला. हंगामाच्या मध्यावर घाबरून पुन्हा बाजारात जाण्याआधी घरातल्याच खेळाडूंच्या जागा बदलून पाहाव्यात. नव्याला निदान अर्धा हंगाम द्यावा. आणि गेलेल्याचे नाव बैठकीत व सरावात घेणे बंद करावे.

आमच्या संघातली गोष्ट याच प्रकारची आहे. आमच्या आघाडीच्या मुलाचे वडील एका सरावानंतर भेटले आणि म्हणाले, "सर, पोराला पुण्याला ठेवायलोत." मी आनंदाने होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी संघातल्या सर्वांत उंच मुलाला पुढे उभे केले, कारण गेलेला मुलगा उंच होता. चार सामने आम्हाला गोल मिळाला नाही. पाचव्या सामन्याआधी मी यादी करायला बसलो, तेव्हा कळले की तो मुलगा डोक्याने फारसे खेळतच नव्हता. तो डाव्या कडेला सरकून मधल्या फळीतल्या दोन लहान मुलांना जागा करून देत होता. मग उंच मुलाला पुन्हा बचावात पाठवले आणि त्या दोघांपैकी एकाला पुढे आणले.

एक गोष्ट मात्र मराठवाड्यातल्या प्रत्येक लहान क्लबने आजच करावी, ती म्हणजे मुलांच्या नोंदणीचे कागद वयाच्या बाराव्या वर्षापासून जपून ठेवणे. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार, करार चालू असताना खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर बदलीच्या रकमेतील 5 टक्के वाटा त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो. तो मागण्यासाठी मुलगा आपल्याकडे कोणत्या वर्षी नोंदला होता, याचा पुरावा लागतो. आमच्याकडे आता त्यासाठी एक वेगळी फाइल आहे, आणि तिच्याच मागे प्रत्येक मुलाच्या कामांची यादी लावलेली आहे.