स्विचचा पॉवर सप्लाय बसवताना आधी भिंतीकडे बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमध्ये मी नेटवर्कची कामं करतो. रॅकमधल्या नेटवर्क स्विचमध्ये (कॉम्प्युटर, कॅमेरे केबलनं एकमेकांना जोडणारी पेटी) नवा पॉवर सप्लाय सरकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. धोका असतो तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये. म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या आधी मल्टिमीटर काढा.

फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत असायला हवं. आकडे जुळत नसतील तर पुढं जाऊ नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि जुळले तरी अर्थिंग भक्कम आहे असं समजू नका. मीटर फार थोडा करंट ओढतो, त्यामुळं कमकुवत अर्थिंगवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरा अंदाज अर्थ टेस्टरनं रेझिस्टन्स मोजल्यावरच येतो. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचे मीठ-कोळशाचे खड्डे कोरडे पडतात, तेव्हा मोजा. पावसाळ्यातला आकडा नेहमीच बरा येतो.

मग हात मोकळे करा. अंगठी, घड्याळ, हुपरीचं चांदीचं कडं, सगळं काढून ठेवा. कडं कितीही लाडकं असलं तरी चांदीइतकी वीज दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा आणि त्याची क्लिप चॅसिसच्या, म्हणजे स्विचच्या सांगाड्याच्या, रंग नसलेल्या धातूला लावा. पट्ट्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर असायलाच हवा, तो तुमच्या जिवासाठी आहे.

नव्या सप्लायचं लेबल नीट वाचा. वॅटेज, एसी की डीसी, आणि हवेची दिशा जुन्याशी जुळायला हवी. एक सप्लाय हवा आत ओढतोय आणि शेजारचा बाहेर टाकतोय, असं झालं तर स्विच तापतो. दोन सप्लाय असतील तर एकट्यानं सगळा भार पेलायला हवा. २४ पोर्टना प्रत्येकी ३० वॅट पीओई (नेटवर्क केबलमधूनच उपकरणाला वीज) द्यायचं म्हटलं तर तिथंच ७२० वॅट होतात, स्विचचा स्वतःचा खप वेगळा. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

जुना काढताना स्विच हॉट-स्वॅप आहे का, म्हणजे चालू असतानाच सप्लाय बदलता येतो का, ते मॅन्युअलमध्ये बघा. असला तरी आधी त्या सप्लायची केबल काढा, मगच लॅच दाबून तो ओढा. एका हातानं हँडल, दुसरा हात खालून आधाराला. शेजारचा सप्लाय चालू असताना स्विचच्या आत वीज असते, रिकाम्या खाचेत बोट किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. सप्लायचं कव्हर तर कधीच उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

फाउंड्रीतली काळी धूळ नुसती घाण नाही, त्यात लोखंडाचे कण असतात आणि त्यांतून वीज वाहते. खाच कोरड्या मऊ ब्रशनं झाडून व्हॅक्यूमनं ओढा. कॉम्प्रेसरची हवा मारली की तीच धूळ बोर्डवर जाऊन बसते. पंचगंगेच्या पुराचं पाणी लागलेला सप्लाय वाळवून परत लावायचा विचारही मनात आणू नका.

नवा सप्लाय सरळ आत सरकवा, लॅचचा आवाज येईपर्यंत. अडला तर जोर न लावता बाहेर काढून पुन्हा घाला. स्क्रू असेल तर घट्ट करा, मगच केबल जोडा आणि शेवटी सॉकेटचं बटण दाबा. दोन सप्लायच्या केबल एकाच बोर्डात खोचू नका. एक यूपीएसवर, दुसरी वेगळ्या एमसीबीवर. भट्टी सुरू होताना व्होल्टेज बसलं तर एक बाजू तरी टिकते. वापरात नसलेल्या खाचेला झाकणी लावा, नाहीतर हवा तिथूनच निसटते.

दिवा स्थिर हिरवा झाला की, फॅक्टरीतल्या सुपरवायझरना सांगून, जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या दुसऱ्या सप्लायची केबल काढून बघा. स्विच चालू राहिला तर ती परत जोडा आणि दोन्ही केबलना कुठल्या एमसीबीवरून येतात त्याचं लेबल चिकटवा.