‘क’ समरीनंतर तपास पुन्हा सुरू करून घेताना : माझा अनुभव

रावेर तालुक्यात केळीच्या बागेच्या बांधावरून भाऊबंदांशी झालेल्या मारहाणीत वडिलांचा हात मोडला. तरीही वाद दिवाणी स्वरूपाचा ठरवून पोलिसांनी न्यायालयात ‘क’ समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली. फाईल बंद झाली, आता विषय वाढवू नका, असे गावातले जाणते सांगू लागले. मात्र समरी स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच भगवंत सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

न्यायालयाची नोटीस येताच मी वकिलांमार्फत निषेध अर्ज, म्हणजे समरीला हरकत घेणारा अर्ज, दिला. खरी गोम दुखापतीच्या दाखल्यात होती : तो एक्स-रेपूर्वीचा असल्याने त्यावर ‘साधी दुखापत’ असा शेरा होता, तर नंतरच्या अहवालात मनगटाजवळ अस्थिभंग दिसत होता, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार अस्थिभंग ही गंभीर दुखापत ठरते. तो अहवाल आणि जबाब न घेतलेल्या रखवालदाराचे प्रतिज्ञापत्र जोडल्यावर दंडाधिकाऱ्यांनी समरी नाकारून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खाली पुढील तपासाचा आदेश दिला.

ज्यांनी न्यायालयात रीतसर तडजोड नोंदवली आहे, त्यांना मात्र हा मार्ग उपयोगी नाही, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ३५९ नुसार अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो.