स्मरणिकेच्या फायली हाताळताना या चुका टाळा

गणेशोत्सव जवळ आला की इंदूरच्या मराठी मंडळांच्या स्मरणिकांसाठी रामबाग, टिळकनगर, राजेंद्रनगर अशा भागांतून लेख येऊ लागतात आणि संपादकाच्या संगणकावर डॉकएक्स (वर्डची फाईल), ओडीटी (लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरची फाईल), टीएक्सटी (साध्या मजकुराची फाईल) अशा नाना प्रकारच्या फायली जमा होतात. त्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. टीएक्सटीमध्ये फक्त अक्षरे असतात. डॉकएक्स आणि ओडीटी ही मात्र झिप पद्धतीने आवळलेली गाठोडी असून त्यांत मजकूर, मांडणी आणि छायाचित्रे वेगवेगळ्या फायलींत ठेवलेली असतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे डॉकएक्सच्या नावाचा शेवट बदलून टीएक्सटी करणे. अशी फाईल नोटपॅडमध्ये उघडली की सुरुवातीला ‘पीके’ ही झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे रोमन लिपीत दिसतात आणि पुढे निरर्थक चिन्हे. इथपर्यंत काहीही बिघडलेले नसते. सेव्ह न करता फाईल बंद करावी आणि मूळ नाव परत द्यावे. सेव्ह केल्यास मात्र नोटपॅडला न कळलेले बाइट, म्हणजे फायलीतील माहितीचे छोटे तुकडे, बदलून लिहिले जातात आणि मग नाव पूर्ववत केले तरी लेख परत मिळत नाही.

साधा मजकूर हवा असल्यास ‘सेव्ह अ‍ॅज’मधून टीएक्सटी निवडावे आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ ठेवावे. ठळक अक्षरे, तक्ते आणि चित्रे गळणार, हे गृहीत धरावे. एन्कोडिंग एएनएसआय (देवनागरीला जागा नसलेली जुनी पद्धत) राहिले तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि त्यांतून मूळ अक्षर ओळखण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, त्यामुळे मूळ फाईलच पुन्हा मागवावी लागते. याउलट प्रत्येक अक्षराच्या जागी दोन-तीन विचित्र रोमन चिन्हे दिसत असतील तर घाबरू नये: यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, ते बाइट शाबूत आहेत आणि फाईल योग्य एन्कोडिंगने उघडली की मजकूर दिसतो.

तिसरा प्रकार आपल्याकडे विशेष आढळतो, कारण इथल्या डीटीपीच्या (संगणकावरील अक्षरजुळणीच्या) हिंदी कामात कृतिदेव हा रोमन अक्षरांनाच देवनागरी रूप देणारा फॉन्ट रुळलेला आहे. कृतिदेवमधला ‘भारत’ हा शब्द टीएक्सटीत गेला की एच-के-के-जे-आर अशी रोमन अक्षरे उरतात, कारण फॉन्टची माहिती तिथे साठवलीच जात नाही. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणावा आणि त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी व रफार डोळ्यांत तेल घालून तपासावेत. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये नेमके उलट.

कॉपी पूर्ण होण्याआधीच पेन ड्राइव्ह ओढून काढला तर टीएक्सटी फाईल तुटलेल्या जागेपर्यंत तरी वाचता येते. झिपची अनुक्रमणिका मात्र फायलीच्या शेवटी असते. शेवटचा तुकडा गेला की बहुतांश लेख आत असूनही डॉकएक्स उघडत नाही. अशा वेळी आधी फायलीची प्रत काढावी, प्रतीच्या नावाचा शेवट झिप करावा आणि सेव्हन-झिपसारख्या साधनाने ती उघडण्याचा प्रयत्न करावा. ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमधील डॉक्युमेंट फायलीत मजकूर आणि ‘मीडिया’मध्ये छायाचित्रे सापडतात. सापडलेला मजकूर नव्या दस्तऐवजात घ्यावा, तेच गाठोडे पुन्हा बांधत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरच्या फोल्डरसकट झिप केल्यास वर्ड ते स्वीकारत नाही, तर ओडीटीमध्ये ‘माइमटाइप’ ही फाईल सर्वांत आधी आणि न आवळता ठेवावी लागते.

एकाच लेखावर अनेकांचे हात फिरणार असतील आणि दोन आवृत्त्यांतील फरक ओळीओळीने पाहायचा असेल तर लिबरऑफिसमधील फ्लॅट एक्सएमएल ओडीटी हा प्रकार वापरून पाहावा. त्यात मांडणी टिकते आणि सगळे एकाच साध्या मजकुराच्या फायलीत राहते. फक्त छायाचित्रे त्यात घालू नयेत, कारण मजकुराच्या रूपात लिहिल्यावर त्यांचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो.