वजाबाकी शिकवणारा संगणक-मास्तर कसा बनवावा

शिकवणीचा प्रोग्राम करायचा म्हटलं की लोक आधी चॅटबॉट उघडतात. तो सगळ्यात शेवटी. आधी वही-पेन घ्या आणि एकच कौशल्य निवडा. ‘तिसरीचं गणित’ नको, ‘हातच्याची दोन अंकी वजाबाकी’ पुरे.

मग चुका गोळा करा. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवलं की मूल पुष्कळदा कसंही चुकत नाही, एखादा चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतं. तो नियम शोधायचा.

५२ − २७ घ्या. मुलानं ३५ लिहिलं. कदाचित दोनातून सात जात नाहीत म्हणून त्यानं सातातून दोन घालवले. किंवा दशक सुटा करून बारातून सात नीट घालवले, पण पाचाचे चार करायला विसरला. दोन्हीकडून ३५च! आता ५३ − २७ द्या. पहिल्या चुकीनं ३४ येतं, दुसरीनं ३६. (खालचा एकक वरच्यापेक्षा पाचानं मोठा असला की हा घोळ होतो. निदानासाठी अशी उदाहरणं नकोत.) प्रत्येक चुकीचं एक छोटं फंक्शन (तीच चूक करून उत्तर काढणारा प्रोग्रामचा तुकडा) लिहा आणि सगळी उदाहरणं त्यांतून चालवून बघा. निम्मा वेळ इथे जातो, जाऊ द्या.

पुढे, मुलाला किती आलंय याचा हिशेब. कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांच्या पद्धतीत चार आकडे लागतात. समजा, आधीच येत असण्याची शक्यता ४० टक्के, येत असून चुकण्याची १०, येत नसून जमून जाण्याची २०, एका उदाहरणात शिकण्याची २०. एक उत्तर बरोबर आलं की बायेसच्या नियमानं (नवा पुरावा मिळाला की शक्यता बदलून घ्यायचं सूत्र) ४० चे ७५ होतात, शिकण्याची भर धरून ८०. ९५ ओलांडले की पुढचा धडा.

आता भाषा मॉडेल (चॅटबॉटच्या आत असतं ते) आणा, पण बरोबर-चूक त्याला विचारू नका. ते प्रोग्रामच ठरवेल. मॉडेलला सापडलेली चूक सांगा आणि उत्तर न फोडता एका वाक्याची सूचना मागा: “दहाची एक नोट मोडलीस, आता नोटा किती उरल्या?” मॉडेलच्या वाक्यात उत्तराचा आकडा दिसला तर ते वाक्य टाकून द्या.

आणि हो, मूल आकडे देवनागरीत टाइप करेल किंवा इंग्रजीत. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं ‘इंट’ (टाइप केलेल्या मजकुराची संख्या करणारं फंक्शन) दोन्ही वाचतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेला मात्र देवनागरी ३५ कळत नाही, तिथे आधी अंक बदलून घ्या, नाहीतर बरोबर उत्तरालाही फुली पडेल.