फ्लॅट भाड्याने देताय? किल्लीआधी एक व्हिडिओ काढा

भाडेकरू घर सोडतो तेव्हा डिपॉझिटवरून हमखास वाद होतो: बेसिनचा नळ आधीच गळत होता की नंतर बिघडला?

हे टाळायचं तर:

१. रिकाम्या घराचा, भाडेकरू सोबत असताना, मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा. टाइल्सचे तडे, सिंकखालचा पाइप, बाल्कनीच्या दाराची कडी जवळून घ्या. गीझर, पंखे चालू करून दाखवा. शेवटी महावितरणच्या मीटरचा नंबर आणि रीडिंग. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि ‘पाहिला, बरोबर आहे’ एवढं उत्तर लिहून घ्या. हे उत्तर व्हिडिओइतकंच महत्त्वाचं!

२. पंखे, गीझर, कपाटं, किल्ल्यांचे जोड यांची यादी करारालाच जोडा.

३. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, ऑनलाइन नोंदवा. आधार आणि अंगठ्याने घरबसल्या होतो. नाशिक महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं.

४. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीलाही कळवा.

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत नोकरी लागलेली मुलं ‘उद्याच राहायला येतो’ म्हणतात. त्यांची अडचण खरी असते, तरी नोंदणीआधी किल्ली देऊ नका. नुसत्या नोटरीवर तर अजिबात भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मग तुमचं.