शी अडवून धरणारं मूल: पॉटीची सवय लावायची कुठून

अडीच-तीन वर्षांचं मूल शू वेळेवर सांगतं, पण शी आली की डायपर मागतं, पडद्यामागं जाऊन उभं राहतं, नाहीतर पाय घट्ट जुळवून टाचा उचलतं. घरचे म्हणतात, हट्टीच आहे. बहुतेक वेळा हा हट्ट नसतो. कधीतरी कडक शी होताना दुखलेलं असतं आणि तेव्हापासून मूल ती अडवत असतं. अडलेल्या शीमधलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. अशात जबरदस्तीनं बसवलं, तर पॉटी म्हणजे दुखणं हे मुलाच्या मनात पक्कं बसतं. म्हणून पॉटी विकत आणण्याआधी शी मऊ करायची.

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणारी, लेंड्यांसारखी किंवा खूप जाड शी म्हणजे बद्धकोष्ठ. एक फसवी खूण नीट लक्षात ठेवा: दिवसातून अनेकदा चड्डीला पातळ डाग लागतात. घरात त्याला जुलाब समजतात. खरं तर आत अडकलेल्या गोळ्याच्या कडेनं पातळ शी झिरपत असते. ती मुलाला कळत नाही आणि थांबवताही येत नाही. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं, तर गोळा आणखी घट्ट होतो.

आपल्याकडं दुधाचं मोठं कौतुक. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मोठी माणसं आवडीनं पितात, लहान मुलाला मात्र नीट उकळूनच द्यावं आणि बेतानं द्यावं. ‘जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे’ म्हणत लिटरभर दूध पोटात गेलं, की भाकरी-भाजीला जागा उरत नाही. दुधात चोथा अजिबात नसतो. दिवसाला 400 ते 500 मिली पुरे, तेही कपानं. बाटली बंद करा. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, पालेभाजी, पपई, बिया काढलेला पेरू रोज द्या. रात्री भिजवलेले आठ-दहा काळे मनुके सकाळी बारीक कुस्करून भरवा. अख्खा मनुका घशात अडकू शकतो. मैद्याची बिस्किटं कमी करा. शीच्या जागी चीर पडली असेल तर तिखट रस्सा काही दिवस नको, आग वाढते.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते बहुधा शी मऊ ठेवणारं औषध देतात आणि ते कित्येकदा काही महिने चालवावं लागतं. चार दिवस शी चांगली झाली म्हणून घरच्या घरी बंद केलं की दुखणं परततं. साबणाची कांडी किंवा एनिमा घरी वापरू नका. मागच्या बाजूला हात लावला की मूल आणखी घाबरतं.

शी सलग दोन आठवडे मऊ आणि न दुखता झाली, की बसण्याकडं वळा. तान्ह्या बाळाला आज्जी पाय पसरून, दोन्ही पावलांवर उकिडवं बसवते. त्यात पोट आणि मांड्या जवळ येतात, आधार मिळतो, जोर नीट लागतो. मोठ्या मुलालाही तशीच बैठक हवी. भारतीय संडासाच्या पायठेवण्या मोठ्यांच्या मापाच्या असतात. मुलाचे पाय फाकतात आणि पडायची भीती वाटते. सुरुवातीला जमिनीवरची छोटी पॉटी बरी. कमोड असेल तर लहान मुलांची सीट आणि पायाखाली स्टूल, दोन्ही लागतात. मुलाची टाच ते गुडघ्यामागची घडी हे अंतर मोजा. कमोड 40 सेंमी उंच आणि अंतर 22 सेंमी असेल, तर निदान 18 सेंमीचं स्टूल हवं. 20-22 सेंमी आणखी चांगलं, कारण गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतात. पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही. फ्लश मूल बाहेर गेल्यावर ओढा.

डायपरशिवाय शी करतच नसेल, तर डायपर एकदम काढून घेऊ नका. आधी डायपर घालूनच, पण बाथरूममध्ये. ते जमलं की डायपरसकट पॉटीवर. मग डायपरला खाली भोक पाडून. शेवटी नुसतं. प्रत्येक पायरीला चार-पाच दिवस द्या. मूल बिथरलं तर एक पायरी मागं या. ही वाट लांबची वाटते, पण अडवून धरणाऱ्या मुलाला हीच झेपते.

वेळ जेवणानंतर 15 ते 30 मिनिटांनी. पोट भरलं की आतडं आपोआप हलतं. पाच मिनिटांहून जास्त बसवू नका. ‘शी आली का?’ याचं उत्तर कायम ‘नाही’च येतं, त्याऐवजी ‘चल बाळा, बसायची वेळ झाली’ म्हणा. शाबासकी बसल्याबद्दल द्या, कारण बसणं मुलाच्या हातात आहे, शी होणं प्रत्येक वेळी नाही. चड्डी खराब झाली तर नाक मुरडू नका, पाहुण्यांसमोर तर विषयच नको. मुलींना पुढून मागं धुवा.

जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करा. मूल घरात नुसत्या झबल्यावर फिरू शकतं आणि इलॅस्टिकच्या आठ-दहा चड्ड्या तासाभरात वाळतात. जूनमध्ये बालवाडी आणि कोल्हापूरचा पाऊस एकदमच सुरू होतात. ओल्या चड्ड्यांचा ढीग आणि शाळेची धास्ती एकाच वेळी नको. घरात नवं बाळ आलं असेल, तर महिनाभर थांबा.

रात्रीचा डायपर या सगळ्यात मोजू नका. झोपेतली शू पाच वर्षांपर्यंत होत राहिली तरी काळजी नाही. मात्र शीमध्ये रक्त, फुगलेलं पोट, उलट्या किंवा न वाढणारं वजन दिसलं, किंवा जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले होते, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठा.